किटली घेऊन धावणारा माणूस

भावनगरात पळणाऱ्या माणसाकडे बघायची एक ठरलेली रीत होती. लोक आधी त्याच्या मागे बघत, कुत्रं लागलंय का. मग पुढे बघत, बस सुटतेय का. दोन्ही दिसलं नाही की स्कूटर कडेला घेऊन, आवाज उतरवून विचारत, "कोण गेलं?"

हे मी ऐकीव सांगत नाही. हा प्रश्न मला पहिल्याच आठवड्यात इतक्या जणांनी विचारला की घरी फोन करून सगळे ठीक आहेत ना याची खात्री करून घ्यावीशी वाटायला लागली. "कोणी गेलं नाही, मी सहज पळतोय," असं सांगितलं तर समोरचा आणखी गंभीर व्हायचा. सहज कोणी पळत नसतं. म्हणजे प्रबोधभाई सांगायचं टाळतायत, म्हणजे प्रकरण नाजूक आहे. एकदा घोघा सर्कलजवळ एका अनोळखी गृहस्थाने मला दंडाला धरून स्कूटरवर मागे बसवलं आणि इस्पितळाच्या दारात नेऊन सोडलं. वर "हिंमत ठेवा" म्हणाला. मी आत जातो की नाही हे बघत तो उभाच राहिला, म्हणून मला आत जावं लागलं. बाकावर थोडा वेळ बसलो. शेजारच्या एका म्हाताऱ्या बाईंनी माझा घाम बघून मला पाणी दिलं आणि "सगळं ठीक होईल, भाई," म्हणाल्या. मी मान डोलावली. दुसरं करणार तरी काय?

पळायला का लागलो, याला पोट, साखर, रक्तदाब अशी भारदस्त कारणं द्यायची पद्धत आहे. माझं कारण एवढंच, की त्या वर्षी आमचा एकुलता एक उन्मेष शिकायला सुरतकलला गेला आणि पहाटे घर इतकं शांत असायचं की बाहेर पडावंसं वाटे. आधी चालायचो. एक दिवस पायांनी आपण होऊन वेग घेतला आणि मला ते आवडलं. पन्नाशी उलटलेली, हुद्दा हेडक्लार्कचा, आडनाव अंजारिया. या तिन्ही गोष्टींना पळणं शोभत नाही, यावर आमच्या मंगलदीप सोसायटीत एकमत होतं. सोसायटीत एकमत झालेली ती पहिलीच गोष्ट असावी. पाण्याच्या टाकीवर अजून झालेलं नाही.

सोसायटीचे प्रमुख छबीलभाई संघवी आमच्या समोरच राहत. सकाळी ओट्यावरच्या झोपाळ्यावर बसत ते जेवायलाच उठत. "प्रबोधभाई," ते म्हणाले, "पळायचंच असेल तर घरात पळा ना. झोपाळ्याभोवती फेऱ्या मारा. ऊनही लागणार नाही आणि बोभाटाही होणार नाही." शेजारच्या इंदुमासींनी मेथीचे लाडू पाठवले. त्यांच्या मते हा वाताचा प्रकार होता. वात पायात शिरला की माणूस असा पळतो, त्यांच्या दिराचंही असंच झालं होतं. दिराचं पुढे काय झालं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

उपाय काढला तो तरूने. तरलिका म्हणजे माझी बायको. ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "किटली घेऊन जा."

"कसली किटली?"

"दुधाची. दूध आणायला निघालेल्या माणसाला या गावात कोणी काही विचारत नाही. संपेल म्हणून पळतोय, असं वाटेल."

आणि खरंच कोणी विचारेना. किटलीचं झाकण खडखडायचं ते रुमालाने बांधून टाकलं. जाताना रिकामी किटली हलवत पळायचं, येताना भरली किटली सांभाळत चालायचं. मी सुखी झालो. पण आमच्या लोकांना शेजाऱ्याचं सुख फार दिवस नुसतं बघवत नाही, त्यांना त्यात मदत करावीशी वाटते. "दूध आणायला जाताच आहात, तर आमचंही आणा ना," असं इंदुमासी म्हणाल्या. मग छबीलभाई म्हणाले. मग कोपऱ्यावरचे. आमच्याकडे 'नाही' हा शब्द आहे, पण तो तोंडातून काढायची कोणाला सवय नाही. महिनाभरात मी दोन्ही हातांत दोन दोन किटल्या घेऊन निघायला लागलो. पळताना मंदिरातली आरती चालू असल्यासारखा आवाज यायचा.

याहून मोठी अडचण वेगळीच होती. लाखाभाईंची डेअरी घरापासून फार लांब नव्हती. तिच्यापुढे रस्ता चढत चढत बोरतळावाकडे जातो. पहाटे त्या पाण्याच्या काठाने पळावं, एवढीच माझी इच्छा होती. पण किटलीवाल्या माणसाला डेअरीच्या पुढे जायचं कारण काय? एकदा प्रयत्न केला, तर लाखाभाई गल्ल्यावरून ओरडले, "अंजारियाभाई, दूध इकडे आहे." तिथे उभी असलेली सगळी माणसं वळली. मी परत आलो. असं माझं पळणं डेअरीशी बांधलं गेलं, आणि तळं तीन वळणांवर असून मला परदेशासारखं झालं.

उन्मेषचा कॉम्प्युटर घरी पडून होता. तरूने त्यावर भरतकामाचा रुमाल घातला होता आणि वर फुलदाणी ठेवली होती. उन्मेषला पत्र टाकायचं म्हणून ती फुलदाणी एके दिवशी उतरवली, आणि इकडेतिकडे बोटं मारता मारता मला इंटरनेटवर एक कट्टा सापडला. हळू पळणाऱ्यांचा. देशभरातले लोक तिथे रोज लिहायचे. कट्ट्याचं इंग्रजी नाव होतं, त्याचा अर्थ साधारण 'शेवटून पहिले'. नियम दोनच होते. नव्या माणसाने आधी आपली ओळख करून द्यायची, आणि चेहऱ्याच्या जागी आपल्या बुटांचा फोटो लावायचा. चेहरा दिसला की लोक वय मोजतात, असं तो कट्टा चालवणारे मेजर पूवय्या यांचं म्हणणं होतं. ते फौजेतून निवृत्त होऊन मडिकेरीला राहत.

बुटांचा फोटो काढायला मी बूट पिशवीत घालून स्टुडिओत गेलो. फोटोग्राफरने विचारलं, "पासपोर्ट साइज?" मी हो म्हणालो. त्याने बूट स्टुलावर ठेवले, मागे निळा पडदा सोडला, डावा बूट जरा आत वळवला आणि गंभीरपणे दिवे लावले. माझ्या लग्नाच्या फोटोलाही एवढी मेहनत कोणी घेतली नव्हती.

मग ओळख लिहायला बसलो. वेग काय, असं विचारलं होतं. मी लिहिलं, उतारावर भाजीची हातगाडी मला मागे टाकते, चढावर मी तिला. कुठे धावता? डेअरीपर्यंत. का? इथे माझी बोटं थांबली. तरू मागून म्हणाली, "खरं ते लिहा, कोण ओळखतंय तिथे?" मग मी किटलीचं सगळं लिहून टाकलं. कोण गेलं, इस्पितळ, मेथीचे लाडू, चार किटल्या, डेअरी आणि पलीकडचं तळं. आणि शेवटी, आमच्याकडे कुठलंही पत्र जसं संपतं तसंच संपवलं: कधी या बाजूला आलात तर घर आपलंच समजा, चहा आणि गरम गाठिया तयार असतील.

दुसऱ्या दिवशी कचेरीतून आलो, हात न धुता फुलदाणी उतरवली. उत्तरांची रांग लागली होती. मला वाटलं, हसले असणार.

कोणी हसलं नव्हतं. सगळ्यांनी आपापली किटली सांगितली होती.

कोइम्बतूरच्या सुगुणा बँकेत अधिकारी होत्या. त्या खांद्याला पर्स अडकवून, बस चुकल्यासारखं दाखवत पळायच्या. पण तिथले बसवाले इतके भले, की बाईसाठी गाडी थांबवून ठेवायचे. कित्येकदा सुगुणाबेनना नाइलाजाने बसमध्ये चढून पुढच्या थांब्यावर उतरावं लागे. मेजरसाहेब हातात कुत्र्याचा पट्टा घेऊन पळायचे. कुत्र्याला पळायचा कंटाळा, ते घरी झोपलेलं. मग हे नुसताच पट्टा घेऊन "टिपू, टिपू" हाका मारत पळायचे आणि सगळं मडिकेरी कुत्रं शोधायला लागायचं. शिलाँगचा बानतेई छत्री घेऊन पळायचा, पाऊस आल्यासारखा. तिथे पाऊस बहुतेक असतोच, म्हणून त्याचं बरं चालायचं, फक्त थंडीत पंचाईत व्हायची.

मी तरूला सगळं वाचून दाखवलं. ती हसून हसून खुर्चीत बसली. माझ्या डोळ्यांत मात्र पाणी आलं, आणि ते कशाने आलं हे मला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं. एवढे दिवस मला वाटत होतं की माझ्यातच काहीतरी बिघडलंय. आता कळलं की आमच्यासारखे देशभर पसरलेत, फक्त प्रत्येकाच्या हातात काहीतरी आहे.

त्यानंतर संध्याकाळी जेवण झालं की मी कट्ट्यावर. "किटली" हा तिथे रूढ शब्दच झाला. नवा माणूस आला की सगळे विचारायचे, तुमची किटली कोणती? माझं पळणं चुकलं तर सुगुणाबेन विचारायच्या, "आज धावला नाहीत, बरं आहे ना?" मुलगा शिकायला गेल्यापासून घरात असा प्रश्न कोणी विचारला नव्हता. तरू विचारायची, पण ती समोरच असायची.

मग एका दिवशी बानतेईने विचारलं, गाठिया म्हणजे काय? आता भावनगरच्या माणसाला असं कोणी विचारू नये. मी बेसनाचे हाताने वळलेले वणेला गाठिया आणि तिखट गाठिया, बरोबरचा कच्च्या पपईचा संभारा, तळलेली मिरची, कढी, सगळं सविस्तर लिहिलं. आठवडाभर कट्ट्यावर कोणी पळण्याचं नावच काढेना. शेवटी मेजरसाहेबांनी लिहिलं, "अंजारियांनी बोलावलंच आहे, तर जाऊ या. त्यांना तळ्यापर्यंत आपण नेऊ." खाली भराभर सह्या. सातजण येणार.

मी ते दोनदा वाचलं. पत्राच्या शेवटी लिहिलेलं ते वाक्य आमच्याकडे हजारो लोक रोज लिहितात. त्यावरून कोणी खरंच आल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

"लिहा की, सध्या जमणार नाही म्हणून," तरू म्हणाली.

"तसं कसं लिहायचं?"

"मग येऊ देत."

"पण ओळख ना पाळख."

"तेच म्हणतेय मी," ती म्हणाली. "कोण आहेत ही माणसं? तोंडं तरी पाहिलीत का तुम्ही? बूट पाहिलेत. येणार नाहीत कोणी. तुम्ही मात्र गावभर सांगत सुटू नका."

मी गावभर सांगितलं नाही, फक्त छबीलभाईंना सांगितलं. ते एकच झालं. संध्याकाळी सोसायटीची तातडीची सभा भरली. पाहुणे प्रबोधभाईंचे म्हणजे सोसायटीचे. कोण कुणाकडे उतरणार यावरून इंदुमासी आणि कोपऱ्यावरचे यांच्यात बोलाचाली झाली, कारण मेजर दोघांनाही हवे होते. 'धावपटूंचे हार्दिक स्वागत' असा कापडी फलक रंगवायला टाकला. छबीलभाई मला बाजूला घेऊन म्हणाले, "येणार ना नक्की? नाही, मी बँडवाल्याशी बोलतोय म्हणून विचारलं." पाहुणे आले नाहीत तर या गल्लीत मला पळणं सोडाच, मान वर करून चालताही आलं नसतं. आणि खरं सांगायचं तर मान खाली गेली असती तरी मी सोसलं असतं. ती माणसंच खोटी निघाली तर काय, याची मला जास्त धास्ती होती.

दरम्यान छबीलभाईंना सुचलं की इतकी माणसं रस्त्याने पळणार, तर पोलिसांची परवानगी हवी. चौकीत एक जमादार कान कोरत बसले होते.

"मिरवणूक?" त्यांनी विचारलं.

"नाही. नुसतं धावणार."

"मोर्चा म्हणजे. निषेध कशाचा?"

"कशाचाच नाही."

"वरात?"

"नाही हो."

"मागे कोण लागणार आहे?"

"कोणी नाही."

त्यांनी काडी बाजूला ठेवली. "मग पळताय कशाला?"

या प्रश्नाचं उत्तर मी अजून शोधतोय. शेवटी छबीलभाईंनी चहा मागवला आणि जमादारांनी आम्हाला कागदावर शाळेची प्रभातफेरी म्हणून बसवलं. दोन अटी. प्रभातफेरीत घोषणा असतात, तेव्हा घोषणा द्याव्या लागतील. आणि बंदोबस्ताला ते स्वतः सायकलवरून येतील, कारण गाठियाचं त्यांच्याही कानावर आलं होतं.

पाहुणे यायच्या दिवशी सकाळी मी स्टेशनवर हजर. बरोबर छबीलभाई, फलक आणि बँडऐवजी ठरलेले दोन ढोलवाले. गाडी आली. मी कोणाचीही तोंडं पाहिलेली नव्हती, म्हणून दारापाशी उभा राहून उतरणाऱ्यांचे पाय बघायला लागलो. सुगुणाबेनचे बूट निळे, पांढऱ्या नाडीचे. मेजरसाहेबांचे करडे, उजव्याला ठिगळ. बानतेईचे हिरवे. चपला उतरल्या, मोजड्या उतरल्या, एका बाईंच्या पायांत दोन वेगळ्या सपाता होत्या, पण माझ्या ओळखीचं एकही पाऊल उतरलं नाही. एका बापाने मुलीला माझ्यापासून लांब ओढलं. एक हमाल म्हणाला, "काका, चप्पल हरवली का?"

पुढच्या डब्याकडे पळालो. तिथेही तेच. फलाट रिकामा झाला. ढोलवाल्यांनी विचारलं, वाजवायचं का? छबीलभाईंनी हाताने नको म्हटलं आणि मग, एरवी कधीच केलं नव्हतं असं, माझ्या खांद्यावर हात ठेवला. "गाडी चुकली असेल," ते म्हणाले. त्यांनी टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं.

आम्ही घरी निघालो. गुंडाळलेला फलक रिक्षात पायाशी ठेवला होता. मनात एकच चाललं होतं, तरूला सांगायचं कसं. ती 'मी म्हटलं होतं' असं म्हणणार नाही, हे मला माहीत होतं, आणि त्याचंच जास्त वाईट वाटत होतं.

दारात चपलांचा ढीग. आत आमच्या झोपाळ्यावर एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ, शेजारी एक उंच बाई, खाली सतरंजीवर पाचजण, मधे गाठियाचं ताट. तरू कढी वाढत होती.

"या," ती मला म्हणाली, "कुठे होता तुम्ही? माणसं केव्हाची आलीयेत."

सगळे चपला घालून आले होते. बूट पिशव्यांत. पळायचे बूट प्रवासात कोण झिजवतं, असं मेजरसाहेब म्हणाले, आणि पळणाऱ्या माणसाच्या दृष्टीने त्यात काही चूक नव्हती. फलाटावर ते माझ्या समोरून गेले होते. मी त्यांच्या चपलांकडे बघत होतो आणि ते माझ्या चेहऱ्याकडे, जो त्यांनी कधी पाहिला नव्हता. फलकाची घडी उलगडायला छबीलभाई विसरले होते.

"पण घर सापडलं कसं? पत्ता तर मी स्टेशनवर देणार होतो."

सुगुणाबेन हसल्या. "रिक्षावाल्याला म्हटलं, ते दुधाची किटली घेऊन धावतात ना, त्यांच्याकडे. तो म्हणाला, बसा. आम्ही पुढे काही सांगायच्या आत गल्लीत आणून सोडलं."

"दुसऱ्या रिक्षावाल्यालाही माहीत होतं," बानतेई म्हणाला. "तो विचारत होता, काका अजून डेअरीपर्यंतच जातात का?"

म्हणजे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. इतके दिवस मी झाकण रुमालाने बांधत होतो. मी तरूकडे पाहिलं. ती कढीच्या पातेल्यात बघत होती, पण तिचे खांदे हलत होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे प्रभातफेरी निघाली. म्हणजे निघायची होती. पहिल्याच ओट्यावर इंदुमासींनी अडवलं. माझ्या दारावरून उपाशी जाणार? बसा. बसलो. कोपऱ्यावरच्यांनी मेजर न मिळाल्याचा राग धरला होता, त्यांच्याकडे बसलो नसतो तर कायमचं वैर आलं असतं. बसलो. मेजरसाहेब म्हणाले, "अंजारिया, सीमेवर असा अडथळा कधी आला नव्हता," आणि आणखी एक मिरची घेतली. गल्ली संपेपर्यंत उन्हं अंगावर आली होती.

मग पळायला लागलो. पुढे आम्ही, मागे लुनावर छबीलभाई, त्यांच्या मागे सायकलवर खाकी कपड्यातले जमादार. अट आठवून छबीलभाईंनी घोषणा द्यायला सुरुवात केली. घोषणा ठरवायची राहून गेली होती, तेव्हा सुचलं ते ओरडले, "पळा! पळा!" भाजीबाजाराच्या तोंडाशी बसलेल्या हातगाडीवाल्यांनी ते ऐकलं, मागची खाकी टोपी पाहिली आणि पालिकेची गाडी आली असं समजून पळायला सुरुवात केली. वांगी, टोमॅटो, काकड्या, सगळ्या गाड्या धडधडत आमच्या पुढे. "थांबा, तुम्ही नाही!" असं छबीलभाई ओरडले तशा त्या आणखी जोरात पळाल्या. भावनगरात इतकी माणसं एका वेळी कधी धावली नसतील. एका गाडीवाल्याने माझ्या बरोबरीला येऊन धापा टाकत विचारलं, "मोठी गाडी आहे का?" मी म्हटलं, "गाडीच नाही." त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी मान खाली घातली.

घाम पुशीत डेअरीपाशी आलो. लाखाभाई गल्ल्यावर होते. "अंजारियाभाई, किटली?"

माझे दोन्ही हात रिकामे होते. सकाळी निघताना तरूने किटली पुढे केली होती आणि मी म्हटलं होतं, आज नको.

"आज नाही, लाखाभाई," मी म्हटलं आणि पुढे गेलो.

एवढंच. डेअरी मागे पडली, रस्ता चढायला लागला, छाती फुटायची वेळ आली. एका बाजूला सुगुणाबेन होत्या, दुसऱ्या बाजूला मेजर. दोघांना माझ्याहून जोरात पळता आलं असतं, पण पळत नव्हते. मग वळण आलं आणि पाणी दिसलं. बोरतळाव मी लहानपणापासून पाहिलेलं आहे, पण त्या दिवशी ते मला कोणीतरी दाखवायला आणल्यासारखं वाटलं. मी काठावर बसलो आणि रडलो, आणि पळून दम लागलाय असं दाखवलं. सगळ्यांनी ते मानलं. त्यांनाही तशी सवय होती.

परतताना सुगुणाबेन डेअरीकडे बघत म्हणाल्या, "एक विचारू? किटली इथेच ठेवून पुढे का नाही गेलात कधी?"

मी थांबलो. मेजर थांबले. आम्ही सगळे थांबलो. हे खरंच कधी कुणाला सुचलं नव्हतं.

"तुम्ही पर्स घरी ठेवून का नाही पळत?" मी विचारलं.

त्यांचा हात नकळत रिकाम्या खांद्याकडे गेला. मग म्हणाल्या, "हो, ते आहेच."

पुष्कळ वर्षं झाली याला. छबीलभाई आता नाहीत, त्यांचा झोपाळा मुलाने गच्चीत नेऊन ठेवलाय. उन्मेष तिकडेच रमला. गावात आता पहाटे झुंडीच्या झुंडी पळतात. मनगटावर घड्याळं, कानात बोंडं, पाठीवर नंबर. फोनवर त्यांचे गट आहेत, त्यांत रोज वेग टाकतात आणि चेहरेही. मी एकदा तशा गटात माझी ओळख लिहिली. अर्ध्या तासात तिच्यावर इतकं काही येऊन पडलं की मलाच ती सापडेना.

आमचा कट्टा गेल्या हिवाळ्यात बंद झाला. मेजरसाहेबांचे गुडघे गेले होते, आणि इंटरनेटवरच्या जागेचं भाडं भरण्यात अर्थ राहिला नव्हता, लिहिणारे आम्ही चौघंच. त्यांनी कळवलं की रविवारी दुपारी दिवा मालवतो, ज्यांना यायचं त्यांनी या. त्या सकाळी सगळे आले. सुरुवात बानतेईने केली. त्याने लिहिलं, "मी बानतेई, शिलाँगचा. नवीन आहे. छत्री घेऊन पळतो." मग सुगुणाबेननी लिहिलं, मग मेजरांनी. सगळ्यांनी पहिल्या दिवसासारखी ओळख करून दिली, आणि मीही दिली.

तरू मागे उभी होती. "माझंही लिहा," म्हणाली.

"तू कुठे पळतेस?"

"लिहा. मी तरलिका. भावनगर. मी पळत नाही. किटलीची कल्पना माझी." मी टाइप केलं. ती थांबली, मग म्हणाली, "आणि खाली ते लिहा, नेहमीचं. या बाजूला आलात तर घर आपलंच समजा."

"तरू, ते खरंच येतात."

"म्हणूनच लिहा म्हणतेय."

दुपारी पान उघडलं तर कोरं होतं. तरूने कॉम्प्युटरवर रुमाल घातला आणि फुलदाणी ठेवली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी माळ्यावरून किटली काढली. झाकण बांधलं नाही. घोघा सर्कलपर्यंत मी खडखडत गेलो. घड्याळवाल्या मुलामुलींचे दोन घोळके मला ओलांडून गेले, कोणी वळून बघितलं नाही. वर्षानुवर्षं मला हेच तर हवं होतं, कोणी काही विचारू नये. आता कोणी विचारत नव्हतं आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

सर्कलच्या पुढे मागून एक स्कूटर हळू झाली. चालवणारा पोरगेला होता, मागे गाठियाचं पुडकं बांधलेलं. त्याने किटलीकडे पाहिलं, माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, आणि आवाज उतरवून म्हणाला, "काका, घरी सगळं ठीक आहे ना? कोणाला काही झालंय का?"

मी थांबलो. "नाही रे," म्हटलं, "सगळे बरे आहेत."

"मग बसा ना. एवढं कशाला पळताय? दूध आणायचंय ना, डेअरीपाशी सोडतो."

मी किटली मांडीवर घेतली आणि मागे बसलो. "डेअरीच्या जरा पुढे सोड," म्हटलं. "तळ्यापर्यंत."